दह्यातला चुना

मी कॅल्शियमवर काम करते असं कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस लगेच गुडघा पुढे करतो. लग्नकार्यात तर सोयच नाही. एका मावशींनी पंगतीतच पिशवीतून एक्स-रे काढून माझ्यापुढे धरला होता, दुसऱ्या हातात जिलेबी तशीच. मी हाडांची डॉक्टर नाही, डॉक्टरच नाही, हे कितीही घसा फोडून सांगा, उपयोग शून्य. मग मी चिडते, आणि शिकून पोरगी तुसडी झाली अशी चर्चा होते. होऊ दे.

मी काम करते ते कर्करोगाच्या पेशींवर, आणि त्यातल्याही मोजक्यांवर. गाठ कापून काढतात, औषधं देतात, किरणं देतात. गाठीतल्या भराभर वाढणाऱ्या पेशी त्यात मरतात. पण थोड्या पेशी अशा असतात की त्या वाढायचं थांबवून गप पडून राहतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. सगळं शांत झालं असं वाटतं, माणूस कामाला लागतो, आणि मग कधीतरी ह्यातली एखादी जागी होते आणि पहिल्यापासून सगळी गाठ उभी करते. झोपायचं कधी, उठायचं कधी, हे ह्या पेशींना ज्या इशाऱ्यांनी कळतं त्यातला एक कॅल्शियमचा. पेशी आपल्या आत कॅल्शियम अगदी थोडं ठेवते. बाहेर भरपूर असतं, आत एका कोठीत थोडं कोंडलेलं असतं. क्षणभर दार उघडतं, कॅल्शियम आत येतं, तोच निरोप. वाढ, सरक, मर, नाहीतर पडून राहा. मग पेशी ते पुन्हा उपसून बाहेर टाकते. आम्ही पेशींत एक रंग भरतो, कॅल्शियम आलं की तो हिरवा चमकतो. काळोख्या खोलीत बसून कोणती पेशी कशी लुकलुकते ते बघत राहायचं, हे माझं पोटापाण्याचं काम.

माझ्या आईचा सगळा जन्मही कॅल्शियममध्येच गेला. ती त्याला चुना म्हणायची.

धारूरला बाजारपेठेत आमचं दुकान होतं. किराणा, आणि त्यासोबत पान-तंबाखूचं सामान. आम्ही लिंगायत; अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून, कपाळाला इभूत लावल्याशिवाय कुलूप काढत नसत. दुकान अप्पांचं, पण दुकानाचं नाव होतं ते आईच्या चुन्यामुळं. भट्टीवरून चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, यायचे. आई ते परसातल्या रांजणात टाकून वरून पाणी ओतायची, की खदखदून वाफा निघायच्या. मला तेव्हा ओट्यावरून खाली उतरायची परवानगी नसे. मग तो चुना दिवसचे दिवस मुरत ठेवायचा, वरची निवळी रोज फेकून नवं पाणी घालायचं, धोतराच्या जुन्या पानातून गाळायचा. शेवटी आई करंगळीनं किंचित चुना स्वतःच्या जिभेवर ठेवून डोळे मिटायची. पसंत पडला तरच डब्या भरायच्या. तिचा चुना तोंड पोळत नाही अशी ख्याती होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी माणसं ट्रकमध्ये बसायच्या आधी खास आमच्याकडं यायची आणि अख्ख्या हंगामाच्या डब्या घेऊन जायची. दुकानाच्या लाकडी खांबाला गिऱ्हाइकांनी बोटं पुसून पुसून तो कमरेपासून खांद्यापर्यंत पांढरा झाला होता. आई दसऱ्याला तो घासायची आणि घासताना सगळ्या गावाचा उद्धार करायची.

अप्पा तंबाखू खात. डाव्या गालात गोळी कायम. मग नव्वदनंतर दुकानादुकानांच्या दारात गुटख्याच्या चमकत्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या. आमच्याही दारात लोंबल्या, नाहीतर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. अप्पा त्या माळांकडं बघून म्हणायचे, "ह्या पुड्या मानसं खाणार बग." आणि म्हणता म्हणता तळहातावर तंबाखू मळायचे! बाजारात नवं येईल ते विष, आणि आपलं तेवढं सात्त्विक. मला ह्याचा इतका संताप यायचा की मी भांडून जेवायचंच सोडायची. अप्पा हसायचे. "खाऊन घे माय, उपाशी मानसाला भांडताबी येत न्हाई."

मी पुण्याला संशोधनाला लागले त्याच सुमाराला अप्पांचं तोंड उघडेनासं झालं. भाकरीचा घास आत जाईना. डाव्या गालात जखम, ती भरेना. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. गाल आणि जबड्याचा तुकडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, मग किरणं दिली. तंबाखूची चंची अप्पांनी दवाखान्याच्या फाटकाबाहेर गटारात टाकली आणि पुन्हा कधी हात लावला नाही. जन्मभर मी ज्यासाठी भांडले ते त्यांनी एका दिवसात केलं. मला आनंद झाला असं म्हणवत नाही.

घरी पाठवताना डॉक्टरांनी ज्या गोळ्या दिल्या त्यात एक गोळी कॅल्शियमची होती. खडूसारखी, भलीमोठी. अप्पांच्या घशातून ती उतरेना, कुटून दिली तरी ठसका लागे. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. विज्ञान शिकवलेले, भला माणूस. त्यांनी गोळीचं पाकीट चष्म्याजवळ धरून वाचलं आणि आईला म्हणाले, "वैनी, ह्यात हाय काय येवढं? कॅल्शियम. चुना म्हंजी कॅल्शियमच की. तुमच्या घरी रांजनभर हाय."

झालं. आमच्याकडं बाळंतिणीला दह्यातून गव्हाच्या दाण्याएवढा चुना देतात, हाडं भरून यावीत म्हणून. आईनं तेच सुरू केलं. रोज सकाळी वाटीत दोन चमचे दही, त्यात दाण्याएवढा चुना, आणि स्वतःच्या हातानं अप्पांना भरवायचं. तंबाखू सुटली, चुना राहिला. हे आमच्याच घरात होऊ शकतं. चुना औषध आहे ह्यावर तिथं कुणाला शंकाच नव्हती. गुन्हेगार होती ती तंबाखू. मला फोनवर कुणी हे सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

आणि अप्पा सुधारले की! अंगावर मांस धरलं, पुन्हा दुकानात बसायला लागले. बोलणं थोडं बोबडं झालं होतं, पण उधारीवाल्याला शिवी दिली तर ती बरोबर समजायची. आई येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, "डाक्टरनं कापलं, पर भरून काडलं माज्या चुन्यानं." केवढा अभिमान होता तिला.

वर्ष-दीड वर्ष तसं गेलं. मग जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दवाखान्यात नेलं. ह्या वेळी त्यांनी कापायचंही नाव काढलं नाही. घरी न्या, आराम द्या, म्हणाले. मी रजा टाकून धारूरला आले. अप्पांची बाज दुकानाच्या मागच्या खोलीत टाकली होती, दुकानातली बोलणी ऐकू येतील अशी.

दुपारी आई ज्वारी निवडत बसली होती. मी शेजारी बसले. ती सुपातून नजर न काढता म्हणाली, "समदं कापून काडलं म्हनले न्हवं? मग पुन्ना आलं कुठून?"

तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं. थोड्या पेशी मागे राहतात, औषध चालू असताना झोपून राहतात, नंतर उठतात.

"आन् जाग्या कशानं व्हत्यात?"

"तेच तर आम्ही शोधतोय, आई. कारणं बरीच असतात. त्यांना उठवणारा एक निरोप कॅल्शियमचा असतो. मी तेवढंच बघते, तो निरोप."

तिचे हात सुपात थांबले. मग पुन्हा चालू झाले. मी सांगितलं ते चुकीचं नव्हतं, आजही कुणी विचारलं तर तसंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बघते तर रांजण आडवा. मुरायला ठेवलेला सगळा चुना नालीत सोडलेला, नाली पार पाटलाच्या वाड्यापर्यंत पांढरी. ऊसतोडीची माणसं निघायचे दिवस. एकामागून एक येत होती, "वैनी, डब्या द्या." आई आतूनच म्हणायची, "बंद केला चुना. आता कदीच न्हाई." मला वाटलं, थकली असेल बिचारी.

पण ती दुसरंही काही करत होती आणि ते लक्षात यायला मला वेळ लागला. ती अप्पांना भरवत नव्हती. पेज करायची, दही घुसळून पातळ करायची, वाटी माझ्या हातात द्यायची आणि दाराबाहेर थांबायची. खोलीत यायचीच नाही. मी चिडले. "मी चार दिवसांची पाहुणी आहे. ते तुझी वाट बघतात. तू का नाही भरवत?"

तेव्हा ती चुलीपुढं बसून बोलली. मास्तर, गोळी, दही, चुना, सगळं. "रोज घातला गं. येक दिस चुकवला न्हाई. त्या झोपल्याल्या व्हत्या, म्या उठिवल्या. माज्या हाताचा आता मलाच भरवसा न्हाई."

मी तिला सांगायला लागले. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतः तोलून ठेवतं. चुना दे, दूध दे, काही देऊ नकोस, ते कमी पडलं तर हाडातून काढून घेतं, जास्त झालं तर बाहेर टाकतं. पेशी आपलं दार आपणच उघडते, बाहेरून कुणी वाटीभर दही दिलं म्हणून नाही. ही गाठ येणारच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग माज्या चुन्यानं काईच झालं न्हाई, असं छातीठोक सांग."

छातीठोक. आता काय करावं! माझ्या धंद्यात छातीठोक बोलणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे. मी म्हणाले, "आई, कच्च्या जखमेवर चुना चांगला नाही हे खरं, पण एवढ्याशा चुन्यानं हा आजार उलटत नाही." तिनं वाक्याचा पहिला तुकडा घेतला आणि दुसरा सोडून दिला. "बरं," म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

मास्तरांना जाऊन झाडावं असं फार वाटलं. गेलेही. तर ते दारातच माझा हात धरून रडायला लागले. मी चहा पिऊन परत आले.

अप्पांचं तोंड तोवर आतून पार सोललेलं होतं. रोज सकाळी मी कोमट मिठाच्या पाण्यानं धुऊन द्यायची, तर नुसत्या पाण्यानंही ते बाजेची दोरी आवळून धरायचे. बोलणं फार कमी झालं होतं, मला एकटीला कळायचं. एका सकाळी तोंड पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती कावून येत न्हाई माज्याकडं? किळस येती का तिला?"

हे ऐकून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते आणि छताकडं बघत होते. मग म्हणाले, "येडी हाय." थोड्या वेळानं, "दुकानातून डबी आन."

"कसली डबी?"

"चुन्याची. फळीवर ऱ्हायली आसंल यखादी."

फळीच्या मागं खरंच एक राहिली होती. मी आणून दिली. ते म्हणाले, "हाक मार तिला."

आई आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली, पदर तोंडाशी. अप्पांनी मला उठवून बसवायला लावलं. पाय वाकळेत, पाठीला उशी. त्यांनी डबी अंगठ्यानं उघडली. मला वाटलं, तिला दाखवतील, काहीतरी बोलतील. त्यांनी बोट बुडवून चुना घेतला. गव्हाचा दाणा नव्हे. चांगला पूर्वी तंबाखूला घ्यायचे तेवढा. आणि तो आत, डाव्या अंगाला, जिथं नुसतं लाल मांस उरलं होतं तिथं लावला. तोंड मिटलं आणि आईकडं बघत बसले.

त्या जागेची अवस्था मला माहीत होती. मी अडवू शकले असते, डबी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी अडवलं नाही, आणि अडवायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी वाकळेखाली माझं मनगट धरलं होतं आणि ते असं पिळलं की मला ओरडावंसं वाटलं. चेहरा मात्र दगड. पापणी लवली नाही.

"बग," ते म्हणाले. "काय झालं? काय बी न्हाई. तुजा चुना हाय त्यो."

आई वळली आणि स्वयंपाकघराकडं पळाली. साठीला आलेली बाई, खरंच पळाली. भांडी पडल्याचा आवाज आला. ती दह्याची वाटी घेऊन आली, बाजेवर त्यांच्या पुढ्यात बसली आणि बोटांनी दही त्यांच्या तोंडात घालायला लागली. एक बोट, दुसरं बोट. अप्पांनी माझं मनगट सोडलं. मी बाहेर दुकानात जाऊन पोत्यांच्या आडोशाला उभी राहिले आणि हुंदके देऊन रडले. मला वाटलं, जमलं अप्पांना. मला जे एवढ्या शिक्षणानं पटवता आलं नाही ते त्यांनी पटवलं.

त्यानंतर शेवटपर्यंत आईनंच त्यांना भरवलं. थंडी पडायला लागली होती तेव्हा ते गेले. आमच्यात माती देतात. बसवून, इभूत आणि मीठ घालून. आमच्या पुरोहितांनी, जंगमांनी, सांगितलं तसं सगळं केलं. दुकान पुढे चुलत भावानं चालवलं, त्यानं पुड्यांच्या माळा वाढवल्या. चुन्याचीही पुडी निघाली तोवर, प्लास्टिकची.

आई मग माझ्याकडं पुण्याला राहायला आली. मी दिवसभर काय करते ते बघायचं म्हणून एकदा हट्ट धरला, तशी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. काळोख्या खोलीत पडद्यावर तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी लावल्या होत्या. हिरवे ठिपके उजळत होते, विझत होते. ती खूप वेळ बघत राहिली.

"ह्ये कुनाचं?"

"कुणाचं ते माहीत नाही. कुठल्यातरी पेशंटच्या गाठीतून काढलेल्या. तो माणूस कधीच गेला."

"मानूस गेला, आन् त्येचं दुखनं तेवढं जित्तं ठिवलंय तुमी?" ती म्हणाली. मग, "ह्यास्नी खायाला कोन घालतं?"

"मी."

आम्ही रिक्षानं घरी आलो. मी चहा टाकला. ती ओट्याला टेकून उभी होती. पाण्याला उकळी आली तेव्हा तिनं विचारलं, "त्या दिशी त्यास्नी लई पोळलं आसंल न्हवं गं?"

इतक्या वर्षांत तिनं त्या सकाळचं नाव काढलं नव्हतं. मी पातेल्याकडं बघत म्हणाले, "नाही आई. किरणं दिली की तोंड बधिर होतं. त्यांना काही कळलं नसणार. छातीठोक सांगते."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि गॅस बारीक केला.

"लई शिकलीस, पर खोटं बोलाया न्हाई शिकलीस," ती म्हणाली. "त्यास्नी बी येत नव्हतं. मला तवाच दिसलं व्हतं गं. म्हनून तर दही आनाया पळाले."